पलटणींची खोली

“आवरायला बसलीस की आधी मोडक्याला हात घाल. चांगल्याला आधी हात लावलास तर कुरवाळत बसशील, आणि संध्याकाळ कधी झाली ते कळायचं नाही.”

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण घरातलं कुठलंही कपाट उघडलं की त्यांचा आवाज आधी बाहेर यायचा. त्या रविवारी थोरलीने खालच्या खोलीत पाऊल टाकलं, म्हणजे आधी पाऊल टाकायला जागा शोधली, आणि मग मोडका शोधला. तोही लगेच सापडला. बोटाच्या पेराएवढा शिशाचा शिपाई, निळा कोट, छातीवर पांढरे पट्टे, आणि उजवा हात खांद्यापासून गायब.

“हा टाकू?”

टेबलाच्या पलीकडून सेनापतींनी भिंगाचा चष्मा कपाळावर सरकवला. “तो मोडका नाही, जखमी आहे.”

“बरं. मग हा? याला तर मुंडकंच नाही.”

“तो,” सेनापती जरा विचार करून म्हणाले, “फार जखमी आहे.”

थोरलीने डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. चढ्या आवाजात बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं. लग्नानंतर दोन-तीनदा तिने प्रयत्न करून पाहिला होता; तेव्हा घरातल्यांना वाटलं तिचा घसा बसलाय, आणि त्यांनी हळदीचं दूध आणून दिलं.

तिच्या नवऱ्याला सगळं घर सेनापती म्हणायचं, पण त्यांनी जन्मभर केल्या त्या दातांच्या कवळ्या. मेणात दात बसवता बसवता त्या बोटांना बारीक कामाची चटक लागली आणि मग एक शिपाई आला. एकटा बरा दिसत नाही म्हणून दुसरा आला. पुढचं सांगायला नको. “खालचे दात” लिहिलेल्या खोक्यात आता तोफखाना होता. “वरचे दात” मध्ये धनुर्धारी होते. औषधांच्या कपाटात खोकल्याच्या बाटलीमागे एक टेहळणी तुकडी दबा धरून बसली होती. पलंगाखाली तर न रंगवलेल्या करड्या शिपायांची खोकी वर्षानुवर्षं एकमेकांना पाठ लावून उभी होती. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कवळीच्या डबीत घोडेस्वार गेले. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी फोन करून एवढंच विचारलं, “हे लावून जेवायचं कसं?”

आजवर थोरलीने हे सगळं खपवून घेतलं होतं. पण आता ताईंचा प्रश्न होता.

ताई म्हणजे सेनापतींची मोठी बहीण. मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या. रात्रपाळ्या करकरून त्यांनीच दोन्ही भावांना शिकवलं, आणि स्वतः हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये राहिल्या. आता क्वार्टर सोडायची वेळ आली होती आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून जिना त्यांना वर्ज्य होता. या घरात तळमजल्यावर झोपण्यासारखी खोली एकच. थोरलीने फोनवर सांगितलं होतं, “ताई, खालची खोली तुमचीच आहे.” त्यावर ताई हसल्या होत्या. सेनापती त्यांच्यासाठी अजून ढब्बूच होते. “अगं, तिथे ढब्बूचं सैन्य राहतं. मी ज्येष्ठांच्या निवासात विचारून ठेवलंय. उद्या सकाळी त्यांना हो म्हणायचंय.”

ते हसू थोरलीला झोंबलं होतं. तिने ताईंना आज रात्री जेवायला बोलावलं होतं. जेवायच्या आधी खोली रिकामी दाखवायची, म्हणजे उद्याचा ‘हो’ घशातच राहील, असा तिचा बेत होता. एक कपाट सेनापतींचं. त्यात मावेल ते राहील. बाकीचं सगळं सायकलच्या दुकानावर जो खेळांचा क्लब होता तिथे जाईल. क्लबवाला चार वाजता गाडी घेऊन येणार होता.

“कबूल केलं होतंत तुम्ही,” ती हळूच म्हणाली.

“केलं होतं ना! नाही कुठे म्हणतोय मी?” सेनापती म्हणाले. “पण कायदा आहे.”

तेवढ्यात धाकटा आणि धाकटी मदतीला आले. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. दर रविवारी या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभं राहून दादाशी लढायचा. धाकटी औषधांच्या दुकानात होती आणि तिला कुठलीही गोष्ट लेबल लावून फळीवर ठेवल्याशिवाय चैन पडत नसे. आल्या आल्या तिने बाह्या वर केल्या.

“बोला जाऊबाई, कुठून सुरुवात?”

“कायद्यापासून,” थोरली म्हणाली.

धाकटा एकदम गंभीर झाला. “कायदा आहेच, वहिनी. घर सोडेल तो मेलेलाच.”

“म्हणजे?”

“म्हणजे लढाईत मेला तरच खेळातून बाहेर. जिवंत शिपाई घराबाहेर द्यायचा नाही. माझं लग्न झालं तेव्हा केलेला कायदा आहे हा.”

“का, लग्नातच का?” धाकटीने बाह्या खाली केल्या.

दोघे भाऊ छताकडे बघू लागले.

“तू वेगळं घर करायचं म्हणालीस,” शेवटी सेनापती म्हणाले. “आम्हाला वाटलं, आता सैन्याच्या वाटण्या होणार.”

“म्हणजे इतकी वर्षं मी आलेय ती सैन्य फोडायला, असं समजत होता तुम्ही?”

“समजत नव्हतो,” धाकटा म्हणाला. “फक्त तयारीत होतो.”

धाकटी थोरलीच्या शेजारी येऊन उभी राहिली. खोलीत दोन बाजू झाल्या, आणि नेहमीच्या नव्हत्या.

थोरलीने आधी पलंगाखालच्या खोक्यांकडे बोट केलं. “हे तर रंगवलेले पण नाहीत. हे कधी लढणार?”

“ते अजून भरती झालेले नाहीत.”

“मग ते शिपाईच नाहीत. त्यांना कायदा लागू नाही.”

धाकट्याच्या चेहऱ्यावर वहिनीबद्दल आदर उमटला, तो त्याने घाईने पुसला. करडी खोकी दाराशी गेली. पण रंगवलेले बाकी होते, आणि तेच खरं सैन्य होतं.

“ठीक आहे,” थोरली म्हणाली. “कायदा म्हणजे कायदा. मग लढा. आत्ताच. सगळे उतरवा टेबलावर. मरतील ते क्लबात जातील, उरतील ते कपाटात.”

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. असं युद्ध त्यांच्या उभ्या आयुष्यात झालं नव्हतं. क्षणभर त्यांना बहिणीचा, खोलीचा, सगळ्याचा विसर पडला. मोठं टेबल रिकामं झालं. हिरवी चादर अंथरली गेली, थर्माकोलच्या टेकड्या आल्या, वाळक्या काटक्यांची झाडं आली, निळ्या फितीची नदी आली. एका बाजूला निळे, दुसऱ्या बाजूला लाल. डब्यांतून, बरण्यांतून, बुटांच्या खोक्यांतून पलटणी निघत राहिल्या. एक अख्खी तुकडी पावाच्या डब्यातून निघाली, तेव्हा धाकटी म्हणाली, “मागच्या महिन्यात मी इथे टोस्ट खाल्ला होता.”

खेळ समजायला सोपा होता. टेपने अंतर मोजायचं, तेवढं पुढे सरकायचं, गोळीच्या टप्प्यात कोणी आलं की फासा टाकायचा. सहा पडला की समोरचा मेला. टप्प्यात आलंच नाही तर कोणी मरत नाही. आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं.

“निळे डावीकडून माघार घेतात,” सेनापती म्हणाले.

“लालही मागे सरतात,” धाकटा म्हणाला. “टेकडीआड.”

“निळे नदीपलीकडे जाऊन वाट पाहतात.”

“लाल रात्रीची वाट पाहतात.”

“अहो, सकाळचे अकरा वाजलेत,” थोरली म्हणाली.

दुपारच्या जेवणाची वेळ झाली तरी मेला होता एक. तोही मारला गेला नव्हता, धाकट्याच्या कोपराने टेबलावरून पडून गेला होता, आणि त्याच्याबद्दल दोघे भाऊ अर्धा तास वाद घालत होते. दोन्ही सैन्यं टेबलाच्या दोन कडांना अशी चिकटून उभी होती की मध्ये क्रिकेट खेळता आलं असतं. दर रविवारी एकमेकांचा जीव घ्यायला टपलेले हे दोघे आज एकमेकांची माणसं तळहाताच्या फोडासारखी जपत होते.

“दादा, तुझा तो झेंडेवाला जरा पुढे आलाय रे. मागे घे, लागेल त्याला.”

“थँक्यू हं.”

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने धाकटीकडे पाहिलं.

“उठा,” धाकटी नवऱ्याला म्हणाली.

“कुठे?”

“खुर्चीवरून. तुम्ही युद्धाला नालायक आहात.”

थोरलीने सेनापतींच्या हातातून फासा अलगद काढून घेतला. आयुष्यात तिने फासा कधी हातात धरला नव्हता. रोज पहाटे उठून तासभर कोणाशी न बोलणारी, मुंगी दिसली की वळसा घालून जाणारी ती बाई. तिने निळ्यांची अख्खी रांग टेपभर पुढे सरकवली, “क्षमा करा हं,” असं समोरच्यांना म्हणाली, आणि फासा टाकला.

सहा.

“योगायोग,” सेनापती म्हणाले.

सहा. मग पुन्हा सहा. लाल रांगेतले शिपाई एकेक करून आडवे होऊ लागले. “वहिनी, हळू!” धाकटा ओरडला. पण तोवर धाकटीने लाल घोडदळ सोडलं होतं, आणि ते निळ्यांच्या तोफखान्यात घुसलं. “दोऱ्यात सुई घुसावी तसं!” ती म्हणाली.

“सुईत दोरा घुसतो,” सेनापती कण्हत म्हणाले.

“इथे सुईच घुसली भाऊजी. बघा ना, तीन तोफा गेल्या!”

तासाभरात टेबलाचा मधला भाग आडव्या माणसांनी भरला. दोघे भाऊ आता एका बाजूला झाले होते. खांद्याला खांदा लावून, भिंतीला टेकून, बायकांनी केलेला संहार बघत होते. कोणी मेला की धाकटा हळूच त्याची ओळख सांगे. “हा पहिला रंगवलेला. याच्या मिशा एका बाजूला मोठ्या झाल्यात.” सेनापती नुसती मान हलवत.

मग धाकटीची चाल मंदावली. तिचं घोडदळ एका टेकडीवर पोहोचलं होतं आणि ती ते खाली उतरवेना.

“ये की पुढे,” थोरली म्हणाली.

“थांबा हो जाऊबाई. त्या पांढऱ्या घोड्यावरच्याला उगाच कशाला? किती गोड आहे. याला लेबल लावून ठेवता येईल.”

“तू पण?”

“एकच हो!”

थोरलीच्याही हाताखाली एक शिंगवाला मरून पडला होता. गाल फुगवून शिंग फुंकत होता तो. मेला होता, तरी फुंकतच होता. सेनापतींनी त्या गालांना इतका बारीक गुलाबी रंग दिला होता की थोरलीला वाटलं, आता हा श्वास सोडेल. तिने इकडेतिकडे पाहिलं. कोणाचं लक्ष नव्हतं. मेलेल्यांच्या खोक्याकडे जाणारा तिचा हात वाटेत वळला आणि एप्रनच्या खिशात गेला.

दारात काठीचा आवाज झाला.

ताई आल्या होत्या. रात्रीच्या जेवणाच्या कितीतरी आधी. त्यांना कुठेही आधी पोहोचायची सवय होती. हॉस्पिटलात उशिरा पोहोचलेल्याचं काही खरं नसतं, असं त्या म्हणत. दाराशी उभं राहून त्यांनी करड्या खोक्यांचा ढीग पाहिला, टेबलावरचे मुडदे पाहिले, भिंतीला टेकलेले दोन रडवेले भाऊ पाहिले.

“हे काय चाललंय?”

धाकटा म्हणाला, “तुला खोली करतोय.”

ताई खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, “वहिनी, हे तुझं काम.”

“हो,” थोरली म्हणाली.

“मी मागितली होती खोली?”

“तुम्ही कधी काही मागितलंय, ताई?”

ताईंनी काठी दोन्ही हातांत धरली. “हे बघ. याने काय काय जपलं ते मला माहीत आहे. लहानपणी हा आजारी असायचा तेव्हा पांघरुणाच्या डोंगरांवर चणे लढवायचा. याचं सैन्य मारून त्या जागी मी माझा पलंग टाकू? मला झोप लागेल? मी आपली उद्या त्यांना हो म्हणते.” आणि त्या उठू लागल्या.

तेव्हा सेनापती भिंतीपासून सुटले. सकाळपासून मागे मागे सरणारा तो माणूस टेबलापाशी आला. निळ्यांची खास पलटण टेकडीमागे उभी होती. उंच टोप्या, सोनेरी गुंड्या. एकेक गुंडी रंगवताना सेनापतींनी श्वास रोखून धरलेला होता. दिवसभर थोरलीने तिला हात लावायचं धाडस केलं नव्हतं. त्यांनी दोन्ही तळहातांनी ती अख्खी पलटण टेकडीवरून खाली आणली आणि उघड्या मैदानात, लाल तोफांच्या तोंडाशी नेऊन उभी केली.

“मार,” ते धाकट्याला म्हणाले.

“मी नाही.”

“अरे मार!”

“दादा, या पलटणीवर मी फासा टाकणार नाही. मला उपाशी ठेव, पण नाही.”

सेनापतींनी फासा उचलला आणि ताईंच्या तळहातावर ठेवला. “मग तू टाक.”

“मी? अरे ढब्बू, मी आयुष्यभर माणसं वाचवली.”

“ही शिशाची आहेत,” सेनापती म्हणाले. “तू आमच्यासाठी रात्र रात्र जागलीस. तेव्हा आम्ही विचारलं नाही, तू झोपतेस कुठे. आता तरी कळू दे. टाक.”

ताईंनी फासा मुठीत धरला. मग टाकला.

एक पडला.

“परत टाक.”

दोन.

“ताई, तुमचा हातच दवाखान्याचा आहे,” धाकटी म्हणाली, आणि तिथे पहिल्यांदा कोणीतरी हसलं. ते ताईच होत्या. हसता हसता त्यांनी टाकलेला पुढचा फासा सहाचा पडला आणि त्यांच्याच तोंडून “अरेरे!” निघालं. मग सगळेच हसायला लागले. सेनापती डोळे पुसत हसत होते, आणि उंच टोप्यांचे शिपाई एकामागून एक आडवे होत होते. ताईंचा हात आता बसला होता. “हा कुठला? बरं, हाही गेला. पुढचा!” वॉर्डात फेरी मारावी तशा त्या बोलत होत्या.

चारला क्लबवाला आला. खोकी गाडीत चढली. तो जाण्यापूर्वी ताईंनी सगळ्यांना समोर उभं केलं.

“आता ऐका. हॉस्पिटलात माणूस गेला की नातेवाईक बिछाना रिकामा करतात. तोंडाने म्हणतात, सगळं नेलं. आणि उशीखाली काहीतरी ठेवून जातात. मग त्यासाठी परत परत येतात, आणि नव्या पेशंटला त्या बिछान्यावर कधी आपलं वाटत नाही. मला तसा बिछाना नको. द्यायचं तर पुरतं द्या. माझ्या वाट्याला आलेल्या खोलीसाठी कोणी मनात काही धरून बसणार असेल, तर निवासवाल्यांना मी आत्ता फोन करते. बोला. मेलेले सगळे गेले?”

“गेले,” सेनापती म्हणाले. त्यांच्या शर्टाच्या खिशाचं बटण आज लागलेलं होतं. ते कधी लावत नसत.

“गेले,” धाकटा म्हणाला. तो मघापासून एका पायावर जरा लंगडत होता. मोज्यात काहीतरी टोचत असावं.

“गेले की,” धाकटी म्हणाली. पर्स तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

यातलं काहीच थोरलीच्या नजरेतून निसटलं नव्हतं. चोरीचा सुगावा लागायला चोर असावं लागतं. ताईंची नजर तिच्यावर येऊन थांबली. या घरात बाकी कोणावर नाही तरी तिच्या शब्दावर ताईंचा विश्वास होता. दारावर आलेल्या विक्रेत्याशीसुद्धा ती कधी खोटं बोलली नव्हती. “पैसे नाहीत” म्हणायचं असलं तर आधी पाकीट घरातल्या कोणाला तरी देऊन यायची.

“गेले,” ती म्हणाली.

“मग मी राहते,” ताई म्हणाल्या. एवढंच. आणि खोलीच्या मध्यभागी, जिथलं टेबल नुकतंच घडी केलं होतं तिथे, खुर्ची सरकवून त्या बसल्या. खिडकी किती मोठी आहे हे इतक्या वर्षांत कोणाला दिसलंच नव्हतं. “इथे उजेड छान येतो गं,” त्या म्हणाल्या.

गाडी गेली. घडी केलेलं टेबल वर चढवलं गेलं. कपाटाचं दार एकदाचं लागलं. सेनापतींनी कपाटाला कुलूप घातलं, पुन्हा काढलं, आणि ‘उगाच कशाला’ म्हणून तसंच ठेवलं. स्वयंपाकघरात चहा उकळत होता. धाकटी कपांवरून धाकट्याशी भांडत होती, आणि ताई आतून सांगत होत्या की साखर कमी, आणि कोणीतरी त्यांना सांगत होतं की साखरेच्या बरणीत आधी नीट बघून घ्या.

थोरलीने कप ठेवले. एप्रनच्या खिशात हात घातला. शिंगवाला तिथेच होता, गाल फुगवून. गाडी आत्ताच तर गेली होती. क्लब दोन गल्ल्यांपलीकडे, सायकलच्या दुकानावर. तिथले जिने तिला चढता येत होते.

“मी आलेच,” ती कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, आणि ते खोटं ठरू नये म्हणून एकदा पुन्हा, जरा मोठ्याने, म्हणाली. कोणी ऐकलं नाही.

तिने एप्रन काढून खुंटीला अडकवला. शिंगवाल्याला मुठीत घेतलं. बाहेरच्या खोलीत चपलांच्या फळीपाशी वाकली, आणि तशीच वाकलेली राहिली. तिच्या चपलांशेजारी सेनापतींच्या बुटांची जागा रिकामी होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. गल्लीच्या टोकाला एक ओळखीची पाठ दिसत होती, एक हात शर्टाच्या खिशावर दाबून, घाईने चाललेली.

तिने हाक मारली नाही. चपला घातल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि पायऱ्या उतरली.